आम्ही जमीन मागितली, सरकारने घमेले दिले

"रोजगार हमीने मजूर आळशी करून ठेवला." जाफराबाद तालुक्यात हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकले आहे की आता ते ऐकून रागही येत नाही. सोयाबीन काढायला माणूस मिळाला नाही की हे वाक्य येते. कापूस वेचायच्या भावावरून बाया अडून बसल्या की हे वाक्य येते. दुसरे वाक्य सरकारी पुस्तिकेत सापडते: "रोजगार हमी ही महाराष्ट्राने देशाला दिलेली देणगी आहे." पहिले वाक्य ज्याच्याकडे जमीन आहे तो बोलतो, दुसरे ज्याच्याकडे सत्ता आहे तो. ज्याने खडी फोडली, माती वाहिली, मस्टरवर अंगठा उठवला, त्याला दोघांपैकी कोणीही विचारत नाही.

या योजनेचा इतिहास त्या मजुराच्या बाजूने सांगितला गेला पाहिजे. तो तसा सांगितला की एक गोष्ट स्पष्ट दिसते. रोजगार हमी ही कोणाची दया नव्हती, आणि आमच्या मूळ मागणीचे उत्तरही नव्हती. आमची मागणी जमिनीची होती.

दुष्काळी कामाचा जुना वारसा

दुष्काळात सरकारने कामे काढायची आणि लोकांना मजुरी द्यायची, ही कल्पना इंग्रजांच्या काळापासूनची आहे. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात ही कामे निघाली तेव्हा सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी इतकी कमी केली की माणूस दिवसभर राबून शेरभर धान्यावरही जगू शकत नव्हता. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामे सोडून दिली. म्हणजे दुष्काळी कामावरचा पहिला संप दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. पुढे १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर फॅमिन कोड तयार झाले. त्यामागचा विचार सरळ होता: माणूस मरू द्यायचा नाही, पण त्याला हक्कही द्यायचा नाही. जो खरोखर उपाशी आहे तोच इतक्या हलक्या मजुरीवर इतके जड काम करायला येईल, म्हणून काम हीच उपासमारीची परीक्षा ठरवली गेली.

त्याच दुष्काळात, १८७७ साली, सत्यशोधक समाजाने पुण्याजवळ धनकवडीला व्हिक्टोरिया बालाश्रम काढून उपाशी मुलांना जेवण घातले. तेथे जात विचारली जात नव्हती. महात्मा फुले तेवढ्यावर थांबले नाहीत. १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये त्यांनी सरकारला सुचवले की लष्करातली आणि पोलिसातली जादा माणसे लावून गावोगावी ताली, बंधारे, तळी बांधावीत, पाणी जमिनीत मुरवावे, म्हणजे शेतकरी दुष्काळात मरणार नाही. पुढे नव्वद वर्षांनी पाझर तलाव, नालाबांधणी म्हणून जे आले ते या मातीत एका माळ्याच्या लेकराने आधीच लिहून ठेवले होते. रोजगार हमीचे जनक कोण, यावर भाषणे होतात तेव्हा हे नाव कोणी घेत नाही.

बाबासाहेबांचा प्रश्न वेगळा होता

बाबासाहेबांनी १९१८ साली भारतातल्या लहान जमीनधारणांवर निबंध लिहिला. त्या वेळी सगळे अर्थतज्ज्ञ म्हणत होते की शेताचे तुकडे झाले म्हणून शेतकरी गरीब आहे. बाबासाहेबांनी प्रश्नच उलटा केला. तुकडा लहान आहे हे खरे दुखणे नाही. शेतीवर जरुरीपेक्षा जास्त माणसे आहेत, त्यांना काम नाही, आणि शेतीला भांडवल नाही, हे दुखणे आहे. रिकामे बसलेले हात काही निर्माण करत नाहीत, पण त्यांच्या पोटाला तर लागतेच. म्हणून उपाय उद्योगीकरणाचा आहे, असे त्यांनी सांगितले. बेरोजगारी हा आळसाचा नव्हे तर अर्थव्यवस्थेच्या रचनेचा प्रश्न आहे, हे त्यांनी वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मांडले. "मजूर आळशी झाला" म्हणणाऱ्यांना शंभर वर्षांनीही हे समजलेले नाही.

१९२८ साली मुंबई सरकारने स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. या समितीपुढे आलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट बहिष्काराची होती. अस्पृश्यांनी हक्क मागितला की गाव काय करते? काम बंद करते, रस्ता बंद करते, वाण्याचे दुकान बंद करते. पोटासाठी ज्याच्या शेतावर जायचे त्याच्याच विरुद्ध हक्क मागायचा, ही आमच्या माणसाची कोंडी होती. १९४७ साली शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनतर्फे संविधान सभेला दिलेल्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या निवेदनात बाबासाहेबांनी ही कोंडी फोडायचा मार्ग सांगितला. शेती हा सरकारी उद्योग करावा, जमीन सरकारने घ्यावी, गावातल्या लोकांना जातपात न पाहता सामुदायिक शेतीसाठी द्यावी, म्हणजे गावात ना जमीनदार राहील, ना कूळ, ना भूमिहीन मजूर. पडीक जमीन अनुसूचित जातींच्या वसाहतींसाठी राखून ठेवावी. सामाजिक बहिष्कार हा गुन्हा ठरवावा.

हे निवेदन संविधानात जसेच्या तसे आले नाही. का आले नाही हे संविधान सभेत कोण बसले होते ते पाहिले की कळते. आले ते अनुच्छेद ४१: राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत कामाचा हक्क मिळवून द्यावा. हे मार्गदर्शक तत्त्व आहे, न्यायालयात जाऊन मागता येत नाही. पण अनुच्छेद २३ मात्र मूलभूत हक्कात आला: वेठबिगार आणि सक्तीची मजुरी बंद. निजामाच्या राज्यात ज्यांच्या आज्या-पणज्यांनी वेठ केली, त्या मराठवाड्यातल्या आम्हांला या अनुच्छेदाचे मोल वेगळे सांगायला नको.

जमिनीचा लढा

१७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. गढीतली माणसे मात्र तीच राहिली. गायरान, पडीक, जंगलखात्याची जमीन डोळ्यासमोर होती आणि आमच्या वस्तीतल्या माणसाला कोरभर तुकडा नव्हता. म्हणून १९५० च्या दशकाच्या सुरुवातीलाच मराठवाड्यात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनने पडीक जमिनीचा सत्याग्रह केला. बी. एस. वाघमारे हे त्याचे पुढारी होते. १९५९ साली कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. मग ६ डिसेंबर १९६४ ला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, रिपब्लिकन पक्षाने देशभर सत्याग्रह सुरू केला. लाखो माणसे तुरुंगात गेली. बाया तान्ही लेकरे घेऊन तुरुंगात गेल्या.

त्या सत्याग्रहाच्या मागण्या आज पुन्हा वाचल्या पाहिजेत. कसणाऱ्याला जमीन, पडीक जमीन भूमिहीनांना, धान्याचे भाव आवाक्यात, किमान वेतन कायद्याची अंमलबजावणी, आणि संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र. म्हणजे आत्मसन्मान आणि भाकर या दोन्ही गोष्टी एकाच निवेदनात होत्या. आमची चळवळ फक्त पुतळ्याची आणि नावाची आहे असे म्हणणाऱ्यांनी ही यादी एकदा तरी पाहावी.

सरकारने काय दिले? थोडी जमीन दिली, तीही माळरानाची, मुरमाड. बऱ्याच ठिकाणी ताबा मिळाला पण सातबारा मिळाला नाही. भूमिहीनांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा शासन निर्णय यायला १९९१ साल उजाडावे लागले. ती तारीख भीमजयंतीची आहे. त्या निर्णयाची कागदपत्रे पिशवीत घेऊन फिरणारी म्हातारी माणसे आजही तहसीलच्या आवारात दिसतात.

विसापूर ते बाहत्तरचा दुष्काळ

जमिनीचा सत्याग्रह ओसरला त्याच वर्षी, १९६५ साली, सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात विसापूरला एक प्रयोग सुरू झाला. वि. स. पागे तेव्हा विधानपरिषदेचे सभापती होते. गावात जो काम मागेल त्याला काम द्यायचे, आणि त्या कामातून जमीन सुधारायची, पाणी अडवायचे, असा तो प्रयोग होता. पागे हे तळमळीचे गृहस्थ होते, त्यांचे श्रेय आम्ही नाकारत नाही. पण दोन गोष्टी एकाच वर्षी घडल्या हे विसरू नये. भूमिहीन जमीन मागत होता. राज्य त्याला काम देण्याचा विचार करू लागले. जमीन दिली तर कोणाची तरी काढून घ्यावी लागते. काम दिले तर ज्याची जमीन आहे त्याचीच जमीन सुधारते. वसंतराव नाईकांच्या मंत्रिमंडळाला यातला कोणता रस्ता सोपा होता हे सांगायला नको.

मग १९७२ आला. दोन वर्षे पाऊस हुकत आला होता, त्या वर्षी तो गेलाच. जालना जिल्हा तेव्हा नव्हता. तो १ मे १९८१ ला झाला. जाफराबाद तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यात होते. पूर्णा आटली, विहिरी तळाला गेल्या, जनावरे बाजारात मातीमोलाने गेली. आमच्या घरातल्या म्हाताऱ्या त्या वर्षाला नुसते 'बाहत्तर' म्हणतात. बाहत्तर म्हटले की मिलो ज्वारीची लाल भाकर आठवते, कामावर वाटलेली सुकडी आठवते, आणि खडीचा ढीग आठवतो. १९७३ च्या मे महिन्यात राज्यात दुष्काळी कामांवरच्या मजुरांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. इतकी माणसे सरकारी हजेरीपटावर त्याआधी कधीच आली नव्हती. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे भुकेने मेली. तसे मरण महाराष्ट्रात झाले नाही, आणि त्याचे श्रेय त्या कामांना आहे. हे आम्ही मोकळ्या मनाने मान्य करतो.

पण त्या कामांवर जात गेली होती का? म्हाताऱ्या सांगतात, पाटलाची सूनसुद्धा त्या वर्षी डोक्यावर पदर ओढून खडी फोडायला बसली. सगळ्यांच्या हाताला एकच हातोडी. पण पाण्याचा माठ वेगळा. खडी एकत्र फोडली, पाणी वेगळे प्यायले. ज्या मे महिन्यात, १९७२ साली, रोजगार हमी राज्यभर लागू झाली, त्याच महिन्यात परभणी जिल्ह्यातल्या ब्राह्मणगावात पाण्यावरून आमच्या दोन बायांची नग्न धिंड काढली गेली. त्याच वर्षी इंदापूर तालुक्यात बावड्याला आमच्या वस्तीवर बहिष्कार टाकला गेला. आणि त्याच वर्षी मुंबईत दलित पँथर उभी राहिली. डॉ. बाबा आढावांची 'एक गाव एक पाणवठा' चळवळही याच काळातली. पँथरच्या जन्माचा इतिहास आणि रोजगार हमीचा इतिहास वेगवेगळ्या पुस्तकांत लिहिले जातात. आमच्या वस्तीत ते एकाच उन्हाळ्यात घडले.

पाऊस पडला. ज्यांना शेत होते ते शेतात गेले. आमच्या माणसांना परत जायला शेतच नव्हते. ती कामावरच राहिली. दुष्काळ शेतकऱ्याच्या आयुष्यात एक वर्ष आला. भूमिहीनाच्या आयुष्यात तो रोजचा होता, आणि म्हणूनच दुष्काळी काम संपल्यावरही कामाची हमी हवी, हा रेटा त्याच्याकडून आला. लाल निशाण पक्षाने, समाजवादी-कम्युनिस्टांनी, शहाद्याच्या श्रमिक संघटनेने, आणि नाव नसलेल्या असंख्य बायांनी कामासाठी आणि मजुरीसाठी मोर्चे काढले. कायदा त्या मोर्चांमुळे झाला.

कायदा काय होता, कोणाच्या कामी आला

महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम १९७७ साली विधिमंडळात मंजूर झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाने अकुशल काम मागितले तर पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा. पैसा कुठून? शहरातल्या नोकरदार आणि व्यावसायिकांवर १९७५ च्या कायद्याने व्यवसाय कर बसवला होता, त्यातून, आणि तितकाच वाटा राज्याने घालायचा. शहराने गावाच्या मजुरासाठी दर महिन्याला कर भरावा, ही गोष्ट देशात नवी होती. संविधानाने जे न्यायालयात मागता येत नाही असे म्हटले, ते महाराष्ट्राने कायद्याने मागता येईल असे केले. म्हणून हा कायदा आम्ही मोठा मानतो.

परिणामही झाला. १९७९-८० साली राज्यात सुमारे वीस कोटी मनुष्यदिवस काम निघाले. कामावर बायांची संख्या मोठी होती, बऱ्याच ठिकाणी निम्म्याच्या आसपास. नवऱ्याच्या हातात न जाता मजुरी थेट बाईच्या हातात पडण्याची सवय कित्येक घरांत या मस्टरने लावली. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे पाटलाच्या शेताला पर्याय उभा राहिला. "त्या भावाने यायचे तर ये, नाहीतर जा" या बोलण्याला "जाते" असे उत्तर देता येऊ लागले. स्टार्ट समितीसमोर आलेल्या बहिष्काराच्या तीन हत्यारांपैकी काम बंद करण्याचे हत्यार थोडे बोथट झाले.

पण काम कसले होते ते पाहा. पाझर तलाव, नालाबांधणी, बांधबंदिस्ती, रस्ते. पाझर तलाव बांधला की पाणी खालच्या विहिरींना लागते. विहीर कोणाची? ज्याची जमीन आहे त्याची. रस्त्याने ऊस, कापूस, मोसंबी बाजारात जाते. माल कोणाचा? ज्याचे शेत आहे त्याचे. मजुराला मिळाली त्या दिवसाची मजुरी, शेतकऱ्याला मिळाले कायमचे पाणी. १९८३ साली हेरिंग आणि एडवर्ड्स या दोन अभ्यासकांनी हेच लिहिले की या योजनेला गावातल्या धनिक शेतकऱ्यांचा पाठिंबा का आहे याचे उत्तर इथे आहे. आमच्या लोकांना ते कळायला अभ्यासकांची गरज नव्हती. स्वतः खोदलेल्या तलावाच्या पाण्यावर उभ्या राहिलेल्या बागेत आमच्या बाया पुढे रोजाने खुरपायला गेल्या.

एकाच राज्यात दोन कायदे

अधिनियम मंजूर झाला १९७७ साली. अमलात आला १९७९ साली. मधल्या वर्षी काय झाले? २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाडा पेटवला गेला. आमच्या वस्त्या जाळल्या, धान्य जाळले, कामावरून काढले, गावे सोडायला लावली. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचीराम कांबळे यांना ४ ऑगस्ट १९७८ ला ठार मारले.

सरकारच्या कागदावर आमच्या माणसाला काम मागण्याचा हक्क आला होता. गावाच्या कायद्यात त्याला राहण्याचाही हक्क नव्हता. दारिद्र्य हटवण्याच्या योजनेचे मूल्यमापन करणारे विद्वान मजुरीचे दर मोजतात, दिवस मोजतात. पण वस्ती जळाली तर आठवड्याची मजुरी कुठे ठेवायची, हा प्रश्न त्यांच्या तक्त्यात बसत नाही. बाबासाहेब २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत याच विसंगतीबद्दल बोलले होते. राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता, ही विसंगती लवकर दूर केली नाही तर जे विषमता भोगतात तेच ही लोकशाही उद्ध्वस्त करतील, हा इशारा त्यांनी दिला होता.

हक्काची योजना कशी झाली

१९८३ साली सर्वोच्च न्यायालयाने संजित रॉय विरुद्ध राजस्थान सरकार या खटल्यात सांगितले की दुष्काळी कामावरही किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देणे म्हणजे अनुच्छेद २३ चा भंग, म्हणजे सक्तीची मजुरी. बाबासाहेबांचा अनुच्छेद खडीच्या ढिगापर्यंत पोचला. महाराष्ट्रात मे १९८८ मध्ये रोजगार हमीची मजुरी किमान वेतनाच्या पातळीवर आली, जवळपास दुप्पट झाली. हा आमचा विजय होता. मग काय झाले? कामेच कमी झाली. १९८९-९० पर्यंत मनुष्यदिवस दहा कोटींच्या आत आले. मजुरी वाढवायला लागली म्हणून सरकारने हमी आखडली. काम मागायला गेले की "सध्या काम नाही, नंतर या" असे तोंडी उत्तर. तोंडी, कारण लेखी दिले तर बेकारी भत्ता लागू होतो.

१९९० पासून रोजगार हमीला फळबाग जोडली गेली, जवाहर विहिरी आल्या. आंबा, मोसंबी, डाळिंब लागले. फळबाग वाईट नाही. पण फळबागेला शेत लागते, विहिरीला सातबारा लागतो. मजुराच्या नावाने गोळा केलेल्या करातून जमीनधारकाला अनुदान मिळू लागले. अनुसूचित जातीच्या शेतकऱ्याला शंभर टक्के अनुदान होते, पण ज्याच्याकडे शेतच नाही तो शंभर टक्के कशाचे घेणार?

केंद्र सरकारच्या योजनांची गत यापेक्षा बरी नव्हती. २ ऑक्टोबर १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर लागू झाला. बँकेचे कर्ज, सरकारचे अनुदान, आणि गरिबाला म्हैस, शेळ्या, शिलाई मशीन. पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचे नीलकंठ रथ यांनी १९८५ साली दाखवून दिले की या मार्गाने गरिबांतला फारच थोडा हिस्सा वर येतो, आणि गरिबाला आधी मजुरीचे काम द्या. आमच्या वस्त्यांनी त्या म्हशी पाहिल्या आहेत. चारा नाही, पाणी नाही, डेअरी नाही. म्हैस गेली, कर्ज राहिले. मग नावे बदलत गेली: १९८९ ला जवाहर रोजगार योजना, १९९९ ला स्वर्णजयंती ग्राम स्वरोजगार योजना, २००१ ला संपूर्ण ग्रामीण रोजगार योजना. फलक नवा, रांग तीच.

२००५ नंतर

महाराष्ट्राच्या अनुभवावर उभा राहून २००५ साली केंद्राचा राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा आला. १ एप्रिल २००८ पासून तो देशातल्या सगळ्या ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाला. कुटुंबाला वर्षाला शंभर दिवस, कंत्राटदार नाही, मजुरी खात्यात, सामाजिक अंकेक्षण. कागदावर हा कायदा महाराष्ट्राच्या कायद्यापेक्षा पुढचा होता, एक गोष्ट सोडून: मजुरीचा दर ठरवताना किमान वेतन कायदा बाजूला ठेवण्याची मुभा केंद्राने स्वतःला देऊन ठेवली. २०२४-२५ साली महाराष्ट्राचा दर दिवसाला २९७ रुपये होता. याच दिवसांत आमच्या भागात शेतावरचा पुरुषाचा रोज त्याहून वर गेलेला होता. मग मजूर हमीच्या कामावर येत नाही म्हणून "गरज उरली नाही" असा निष्कर्ष काढायचा! आधी मजुरी खाली ठेवायची, आणि मग माणूस येत नाही म्हणून योजना गुंडाळायची.

आम्ही या तालुक्यातल्या गावांत नमुना ४ भरून घेण्याचे काम केले आहे. नमुना ४ म्हणजे कामाची मागणी. नमुना ५ म्हणजे तिची तारखेसह पोच. एका कार्यालयात आम्ही अडतीस मजुरांचे अर्ज घेऊन गेलो. अर्ज ठेवून घ्यायला कोणाची ना नव्हती, पण पोच द्यायला सही करणारा माणूस तीन दिवस सापडला नाही. चौथ्या दिवशी सगळ्या बाया तिथेच ओट्यावर डबे सोडून बसल्या, तेव्हा पोच मिळाली. काम अठराव्या दिवशी निघाले. तीन दिवसांचा भत्ता मिळाला नाही, तो मागताना काम बंद पडेल या भीतीने बायांनीच आम्हांला थांबवले. हमीचा सगळा इतिहास त्या एका पोचेत आहे. पोच असेल तर हक्क, नसेल तर मेहेरबानी.

२०२१ साली केंद्राने मजुरीचे पैसे अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर अशा वेगवेगळ्या गटांत वेगळे पाठवायला सुरुवात केली. एका मस्टरवर, एकाच नाल्यावर माती उचललेल्या तिघींपैकी एकीचे पैसे आधी, दुसरीचे महिन्याने. बाहत्तरला पाण्याचा माठ वेगळा होता, एकविसाला मजुरीचा हप्ता वेगळा झाला. ओरड झाली म्हणून त्याच वर्षी ते मागे घ्यावे लागले. मग मोबाईलवर फोटो काढून हजेरी आली, आधारशी जोडलेले पेमेंट आले. रेंज नाही, फोटो गेला नाही, हजेरी नाही. बोटाचा ठसा उठत नाही, कारण आयुष्यभर टिकाव धरून बोटे झिजली आहेत.

दुसरीकडे २०११ साली तत्कालीन केंद्रीय कृषिमंत्री शरद पवार यांनीच शेतीच्या हंगामात ही कामे थांबवावीत असे सुचवले होते. विसापूरपासून आजपर्यंत मोठ्या शेतकऱ्याची एकच इच्छा आहे: मजूर मेला नाही पाहिजे, पण त्याच्यापुढे पर्यायही असता कामा नये.

मग योजना फसली का?

आमच्यातलेच काही तरुण आम्हांला विचारतात, बाबासाहेबांनी गाव सोडा सांगितले, शिका सांगितले, उद्योग सांगितला, तुम्ही अजून घमेल्याचे काय घेऊन बसलात? प्रश्न बरोबर आहे. माती वाहणे ही मुक्ती नाही. १९१८ च्या निबंधातले उत्तर उद्योगाचे आहे. पण जालन्यात बियाण्यांचे आणि लोखंडाचे कारखाने उभे राहिले तरी जाफराबादच्या भूमिहीनाच्या वाट्याला ऊसतोडीचा कोयता आणि वीटभट्टी आलीच. दिवाळी झाली की वस्तीला कुलपे लागतात. मुलगी आईबरोबर फडावर जाते आणि शाळेच्या हजेरीतून तिचे नाव गळते. तिला शिकायचे असेल तर आईला गावात चार महिने काम मिळाले पाहिजे. शिका हा आदेश पाळायलाही आधी हमी लागते. म्हणून हमी ही शिडी नाही, पण पायाखालची जमीन आहे, आणि ती आम्ही सोडणार नाही.

इतिहास पाहून आम्ही तीन गोष्टी सांगतो. पहिली: जिथे मजुरांनी एकत्र येऊन लेखी काम मागितले आणि पोच घेतली, तिथे हमी चालली. जिथे ती 'लाभार्थ्यां'ची योजना झाली, तिथे ती लाभ देणाऱ्यांच्या घरी गेली. दुसरी: मजुरी किमान वेतनाखाली ठेवली तर ती हमी नव्हे, अनुच्छेद २३ चा भंग आहे. तिसरी: जमिनीशिवाय हमी अर्धी आहे. मजुराने खोदलेल्या तळ्याच्या पाण्यावर मजुराचा वाटा पाहिजे. गायरानावर फुललेले शेत त्याच्या नावावर झाले पाहिजे. २००४ पासून कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नावाची योजना आहे, भूमिहीनाला चार एकर जिरायत किंवा दोन एकर बागायत देण्याची. २०१८ पासून ती शंभर टक्के अनुदानाची झाली. पण सरकारी भावात विकायला येते ती खडकाळ जमीन, आणि चांगली जमीन आमच्या माणसाला विकायला गाव तयार होत नाही. दादासाहेबांनी जमीन मागण्यासाठी लाखो माणसे तुरुंगात नेली. त्यांच्या नावाची फाईल टेबलावर पडून आहे.

कायद्यांची नावे बदलतात, शंभर दिवसांचे आणखी किती दिवस करायचे याच्या घोषणा होतात. आपण एकच गोष्ट विचारायची: मी काम मागितले तर मला तारखेची पोच मिळते का, आणि काम न मिळाल्यास सरकारला दंड बसतो का? मिळत नसेल, बसत नसेल, तर ती हमी नाही, मग तिचे नाव कोणाचेही असो.

ज्यांनी अजून नमुना ४ भरलेला नाही त्यांनी या आठवड्यात भरावा. एकट्याने जाऊ नका, वस्तीने जा. आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका.

जय भीम!